चुकलेल्या पट्ट्या, जुना सोरायसिस आणि बीडीएनएफचा प्रश्न: सांगलीतील एक प्रकरण

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी असलेले ४९ वर्षांचे गृहस्थ त्वचारोग विभागात आले, ते सोरायसिसच्या चट्ट्यांची तक्रार घेऊन नव्हे. चट्ट्यांची त्यांना १४ वर्षांची सवय झाली होती. अडचण हिशेबाची होती. ऐन हंगामात दोन महिन्यांत तीन पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबचिठ्ठ्या, चुकल्या. एकीत क्विंटलचा दर १४,६५० ऐवजी १६,४५० पडला, दुसरीत हमाली-तोलाई वजा करायची राहिली, तिसरीत एका शेतकऱ्याची पोती दुसऱ्याच्या नावावर चढली. मालकांनी सांभाळून घेतलं, पण तब्येत दाखवून घ्या, असंही सुनावलं. दिवाणजींचे शब्द असे: "आकडा डोळ्यांना दिसतो, पण लिहीपर्यंत डोक्यात राहत नाही."

सोबत पत्नी होत्या आणि पुण्यात आयटीत नोकरी करणारा पुतण्या. पुतण्याने मोबाईलवर बरंच वाचून ठेवलं होतं. सोरायसिसमध्ये मेंदूच्या वाढीला लागणारं बीडीएनएफ हे प्रथिन कमी होतं आणि त्यामुळे स्मरणशक्ती मंदावते, तेव्हा काकांची ती तपासणी करून घेऊ, असा त्याचा आग्रह होता. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, फक्त पहिला विचारायचा नव्हता.

(ओळख पटू नये म्हणून सारख्या प्रकारच्या एकाहून अधिक रुग्णांचे तपशील इथे एकत्र केले आहेत आणि आकडे मांडणीसाठी जुळवून घेतले आहेत. निर्णय आणि त्यांचा क्रम प्रत्यक्ष उपचारात असतो तसाच ठेवला आहे.)

त्वचेची मोजणी आणि हळदीचा थर

पासी हा सोरायसिसची तीव्रता मोजणारा गुणांक १९७८ पासून वापरात आहे. डोकं, हात, धड आणि पाय अशा चार भागांत लाली, जाडी आणि खपली यांना प्रत्येकी ० ते ४ गुण द्यायचे, व्यापलेल्या जागेला ० ते ६, आणि भागांना अनुक्रमे ०.१, ०.२, ०.३, ०.४ असं वजन द्यायचं. एकूण जास्तीत जास्त ७२. पहिल्या दिवशी बेरीज आली १३.६. पण हात, धड आणि पायांवर हळद-खोबरेलाचा लेप होता, आणि पिवळ्या थराखाली लाली फिकी दिसत होती. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर सोरायसिसची लाली एरवीही लाल न दिसता जांभळट-तपकिरी दिसते आणि गुण कमी पडतात. त्यात हळद म्हणजे दुहेरी फसगत. कोमट पाण्याने धुऊन पुन्हा पाहिल्यावर या तिन्ही भागांत लालीचा एकेक गुण वाढला आणि बेरीज १५.४ झाली. फरक लहान आहे, पण पुढे सुधारणा याच आकड्याशी ताडून पाहायची असते. सुरुवातच कमी धरली, तर चांगला चाललेला उपचारही अपुरा वाटू लागतो.

रुग्णाचा स्वतःचा पंजा, बोटांसकट, म्हणजे अंगाचा सुमारे १ टक्का. त्या मापाने १९ ते २० टक्के अंग व्यापलेलं होतं: टाळू, कोपरं, कंबर आणि सर्वांत जास्त नडग्या. नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे होते. सांधे सुजलेले नव्हते आणि सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त ताठरपणाही नव्हता. हे विचारावंच लागतं, कारण सोरायसिसच्या रुग्णांतल्या बऱ्याच जणांना पुढे सांधेदुखी जडते. जीवनमानाच्या डीएलक्यूआय प्रश्नावलीत ३० पैकी १७ आले (जितके जास्त, तितका त्रास जास्त). चारचौघांत हाफ शर्ट घालत नाही, लग्नकार्याला जाणं टाळतो, रात्री खाजेने दोन-तीनदा जाग येते, अशी उत्तरं होती.

हळदीच्या पेठेत उभा जन्म गेलेल्या माणसाला हळद लावू नका म्हणणं सोपं नसतं. लेपाला मज्जाव केला नाही, फक्त तपासणीच्या आदल्या दिवसापासून लावू नका, एवढंच सांगितलं. हळदीच्या अर्काच्या गोळ्या मात्र बंद केल्या. मिऱ्याच्या सत्त्वासह येणाऱ्या अशा गोळ्यांनी काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे, आणि या रुग्णाचं यकृत आधीच मेथोट्रेक्सेट या सोरायसिसवरच्या औषधाच्या ताणाखाली होतं.

औषधांची पिशवी

अशा तक्रारीत सर्वांत जास्त माहिती रुग्णाने आणलेल्या पिशवीत सापडते. घरातली सगळी औषधं, संपलेल्या पाकिटांसकट, टेबलावर ओतायला सांगितली. निघालं ते असं: मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम, मधुमेहासाठी सात वर्षांपासून मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, छातीत धडधडतं म्हणून आठ महिन्यांपूर्वी सुरू झालेलं प्रोप्रॅनोलॉल ४० मिलिग्रॅम दोनदा, खाजेसाठी रात्री हायड्रॉक्सिझिन २५ मिलिग्रॅम, आणि मलमाची एक ३० ग्रॅमची ट्यूब. ट्यूब महिनाभर पुरवली जात होती. एवढ्या त्वचेला ती पाच-सहा दिवसांत संपायला हवी.

मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या मोजल्यावर चिंता वाढली. खरेदीची तारीख आणि उरलेल्या गोळ्या जुळेनात, एक गोळी कमी भरली. रविवारी घेतलेली गोळी विसरून सोमवारी पुन्हा घेतली असावी. विसराळू रुग्णाच्या हाती आठवड्याचं मेथोट्रेक्सेट देणं हा जिवाशी खेळ आहे. हे औषध चुकून रोज घेतलं गेलं, तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कोसळतात, माणूस दगावतोसुद्धा. तोंडात फोड नव्हते आणि रक्तगणना ठीक होती, म्हणून निभावलं. औषध त्याच दिवसापासून पत्नींच्या ताब्यात गेलं आणि पुढे लवकरच बंदही झालं.

हायड्रॉक्सिझिनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ही चूक घरोघरी होते. सोरायसिसची खाज प्रामुख्याने हिस्टामिनमुळे नसते, त्यामुळे ही गोळी खाजेला फारशी लागू पडत नाही, फक्त गुंगी आणते. गुंगी सकाळी उरते. शिवाय हे औषध ॲसिटिलकोलिनच्या कामातही आडवं येतं, आणि लक्ष देणं व नवी गोष्ट डोक्यात धरणं याच रसायनावर चालतं. दिवाणजी अधूनमधून दोन गोळ्या घेत. म्हणजे रात्री ५० मिलिग्रॅम, आणि सकाळी सौद्याचे आकडे.

प्रोप्रॅनोलॉलचीही गोष्ट तशीच. बीटा ब्लॉकर गटातल्या औषधांनी काही रुग्णांचा सोरायसिस भडकतो. लिथियम आणि मलेरियावरच्या क्लोरोक्विनचंही तसंच. नडग्यांवरचे चट्टे गेल्या सात-आठ महिन्यांत जाड झाल्याचं पत्नी सांगत होत्या. तारखा जुळत होत्या, पण तारखा जुळल्या म्हणजे कारण सिद्ध होत नाही. तरीही ईसीजी साधा असताना हे औषध चालू ठेवायला कारण नव्हतं. ते एकदम तोडू नये. दोन आठवड्यांत मात्रा उतरवत बंद केलं.

विसरतो म्हणजे नेमकं काय होतं

मोका ही स्मरण, लक्ष आणि विचारशक्ती तपासणारी ३० गुणांची चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ती मराठीतही उपलब्ध आहे. २६ किंवा त्याहून अधिक गुण ठीक मानतात. शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. दिवाणजी बी.कॉम. असल्याने तो वाढीव गुण नव्हता. त्यांना २२ मिळाले.

बेरजेपेक्षा गुण कुठे गेले ते पाहावं. पाच मिनिटांनी पाच शब्द आठवायचे असतात, त्यात दोनच आले, म्हणजे तीन गुण गेले. शंभरातून सात-सात वजा करताना एक गेला, ठरावीक अक्षर ऐकल्यावर टिचकी मारण्यात एक, आकडे उलटे म्हणण्यात एक, आकडा-अक्षर जोडण्यात एक, आणि एका अक्षरावरून शब्द सांगण्यात एक. वर्षं हिशेब केलेल्या माणसाला शंभरातून सात वजा करताना अडखळताना पाहणं नातेवाइकांना जड गेलं.

न आठवलेल्या तीन शब्दांपैकी दोन, प्रकाराचा इशारा दिल्यावर पटकन आले. याचा अर्थ शब्द आत शिरले होते, बाहेर काढता येत नव्हते. अल्झायमरसारख्या आजारात बहुधा इशाऱ्यानेही शब्द येत नाही. दिशा, वार, तारीख, घराचा रस्ता, माणसांची नावं सगळं शाबूत होतं. चित्र होतं ते लक्ष आणि वेग मंदावल्याचं. असं चित्र औषधं, झोप, नैराश्य, बी१२ची कमतरता आणि दीर्घकाळच्या दाहाने होऊ शकतं. एकेका गोष्टीचा छडा लावावा लागतो.

पीएचक्यू-९ प्रश्नावलीत २७ पैकी १३ गुण आले, म्हणजे मध्यम नैराश्य. नवव्या प्रश्नात, जगण्यात अर्थ नाही असं वाटतं का, या अंगाने विचारल्यावर "कधी कधी वाटतं" असं उत्तर आलं. पत्नींना बाहेर बसवून पुन्हा विचारलं. योजना नव्हती, साधन जवळ केलेलं नव्हतं. तरी त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दोघांच्याही मोबाईलमध्ये घालून दिला. सोरायसिसच्या रुग्णांना हा प्रश्न विचारायचा राहून जातो, कारण सगळ्यांचं लक्ष कातडीकडे असतं.

पत्नींनी आणखी एक सांगितलं, जे दिवाणजींना ठाऊकच नव्हतं: रात्री घोरता घोरता श्वास अडतो आणि मग दचकून उठतात. मानेचा घेर ४२ सेंटिमीटर, उंची १६८, वजन ८६ किलो, बीएमआय ३०.५. झोपेतल्या श्वासरोधाची शंका इथेच पक्की झाली.

रक्त काय म्हणालं

हिमोग्लोबिन १२.१, तांबड्या पेशींचं आकारमान अर्थात एमसीव्ही १०३, प्लेटलेट्स २.४ लाख, यकृताचे एएलटी ४८ आणि एएसटी ३८, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन ०.९, सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी ७.९ टक्के, थायरॉइडचं टीएसएच ३.१. बी१२ होतं १४८ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे कमी.

एमसीव्ही वाढलेला दिसला की सोरायसिसच्या रुग्णात तो मेथोट्रेक्सेटच्या नावावर टाकून मोकळं व्हायची सवय असते. मेथोट्रेक्सेटने तो वाढतोही, म्हणूनच घात होतो. या गृहस्थांच्या बाबतीत सात वर्षांचं मेटफॉर्मिन आणि पूर्ण शाकाहार, दोन्ही बी१२ कमी करणारे. त्यात मेथोट्रेक्सेटसोबत दिलं जाणारं फॉलिक ॲसिड. फॉलिक ॲसिडने बी१२च्या कमतरतेतला रक्तक्षय झाकला जातो, पण नसांची हानी चालूच राहते. हिमोग्लोबिन १२च्या पुढे आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नव्हता. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याला लावला तर कंपन कळत नव्हतं, घोट्यालाही अंधुक. तळव्यांना मुंग्या येतात हे विचारल्यावर सांगितलं. आपणहून कुणी सांगत नाही.

फॅटी लिव्हर सोनोग्राफीत दिसलं. वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट्सवरून काढलेला फिब-४ गुणांक १.१२ आला. १.३ च्या खाली म्हणजे यकृतात मोठ्या प्रमाणात तंतू साचल्याची शक्यता कमी. एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची चाचणी) दोन्ही निगेटिव्ह. विस्मरणाच्या तपासातही या चाचण्या हव्यात आणि सोरायसिस अचानक भडकल्यावरही. मेंदूच्या एमआरआयमध्ये वयाला साजेसे बारीक ठिपके सोडून काही नव्हतं. घरी झोपेत लावायच्या यंत्राने केलेल्या तपासणीत तासाला २२ वेळा श्वास अडत होता.

आता पुतण्याचा प्रश्न

बीडीएनएफ हे प्रथिन १९८२ मध्ये इव्ह-अलां बार्ड आणि हान्स थोनेन यांनी डुकराच्या मेंदूतून वेगळं केलं. त्याच्या आधी सापडलेलं त्याचं भावंड म्हणजे एनजीएफ, ज्याच्या शोधासाठी रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६चं नोबेल मिळालं. ही दोन्ही एकाच कुळातली, पण सोरायसिसमध्ये त्यांची तोंडं विरुद्ध दिशांना दिसतात. चट्ट्यातल्या त्वचापेशी एनजीएफ जास्त बनवतात. त्याने नसांचे धागे वाढतात, खाज वाढते आणि पेशींची वाढही वेग घेते. एखाद्या भागाची नस तुटली की तिथला जुना चट्टा निवळल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळेच चेतातंतूंचा या आजारातला वाटा संशोधकांच्या नजरेत भरला.

बीडीएनएफ उलट. सोरायसिसच्या रुग्णांच्या रक्तात ते निरोगी लोकांपेक्षा कमी असल्याचं काही छोट्या अभ्यासांत आढळलं आहे. मेंदूत हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नवी आठवण जिथे घडते तिथे, हे प्रथिन चेतापेशींमधले जोड पक्के करतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत आयएल-१ बीटासारखं दाहाचं रसायन वाढलं की तिथलं बीडीएनएफ घटतं आणि शिकणं बिघडतं. सोरायसिसमध्ये टीएनएफ, आयएल-१७, आयएल-२३, आयएल-६ ही रसायनं वाढलेली असतात. या साखळीतली प्रत्येक कडी स्वतंत्रपणे दाखवली गेली आहे, पण चट्ट्यापासून चुकलेल्या पट्टीपर्यंत ती एकाच माणसात सलग जोडलेली दाखवणं ही वेगळी गोष्ट आहे. लोकांवरचे अभ्यासही एकमताचे नाहीत. इटलीत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात मध्यम ते तीव्र सोरायसिसच्या रुग्णांमध्ये सौम्य बौद्धिक घट जास्त दिसली. नेदरलँड्समधल्या रोटरडॅमच्या मोठ्या लोकसमूहात असा संबंध दिसला नाही. तिथले बहुतेक रुग्ण सौम्य आजाराचे होते, त्यामुळे दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडतात असंही नाही.

मग तपासणी का नको? रक्तातलं बहुतेक बीडीएनएफ प्लेटलेट्समध्ये साठलेलं असतं. रक्त गोठताना ते बाहेर पडतं, म्हणून सीरममधला (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातला) आकडा प्लाझ्माच्या (न गोठलेल्या रक्तातल्या द्रवाच्या) कितीतरी पट असतो. नमुना किती वेळ गोठू दिला, किती लवकर यंत्रात फिरवला, कोणत्या तापमानाला ठेवला, यावर निकाल हलतो. सोरायसिसमध्ये प्लेटलेट्स स्वतःच चेतवलेल्या असतात, म्हणजे मोजमापाचं भांडंच डळमळीत. शिवाय या प्रथिनाची दोन रूपं आहेत: पक्व रूप जोड पक्के करतं, कच्चं रूप पेशीवरच्या वेगळ्या ग्राहकावर (रिसेप्टरवर) बसून ते सैल करतं. अनेक चाचणी-संच दोन्हींची बेरीजच देतात.

हे सगळं नीट जमलं तरी मुद्दा उरतोच. या गृहस्थांना मधुमेह, नैराश्य, झोपेतला श्वासरोध आणि स्थूलपणा आहे. नैराश्यात सीरममधलं बीडीएनएफ कमी असल्याचं तर अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आकडा कमी आला असता तर तो कुणाचा, ते कळायला मार्ग नव्हता. आणि कमी आला म्हणून देता येईल असं बीडीएनएफचं औषध नाही. पुतण्याला हे समजावून सांगितल्यावर त्याने एकच विचारलं: मग ते वाढवायचं कसं? त्याला उत्तर आहे, तेही फुकट. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० वयस्कर लोकांपैकी एका गटाने वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू ४० मिनिटांपर्यंत वाढवत, भरभर चालण्याचा व्यायाम केला. त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला, आणि ज्यांचा जास्त वाढला त्यांच्यात सीरममधलं बीडीएनएफही जास्त वाढलेलं होतं. दिवाणजींच्या चिठ्ठीवर चालणं औषधासारखं लिहून दिलं: आठवड्यातून पाच दिवस, सुरुवातीला २० मिनिटं, दोन आठवड्यांनी ५ मिनिटं वाढवायची, दम लागेल पण बोलता येईल इतक्या वेगाने.

क्रम

सगळं एकदम सुरू केलं असतं तर कशाने काय झालं ते कळलं नसतं. सगळं ओळीने करायचं तर रुग्णाचा वेळ वाया जातो. मधला मार्ग काढला. पहिल्या दिवसापासून हायड्रॉक्सिझिन बंद, प्रोप्रॅनोलॉल उतरवायला घेतलं, आणि बी१२ची १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं सुरू: आठवडाभर रोज, मग चार आठवडे आठवड्याला एक, मग महिन्याला एक. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्यावरचं सर्ट्रालिन २५ वरून ५० मिलिग्रॅमवर नेलं. खाज आणि मुंग्या या दोन्हींवर कुणी ॲमिट्रिप्टिलिन देऊन जातं. इथे ते टाळलं, कारण हायड्रॉक्सिझिन ज्या वाटेने डोकं जड करत होतं तीच त्याचीही वाट.

मलम मोजून दिलं. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, ती दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. २० टक्के अंग म्हणजे दहा रेघा, ५ ग्रॅम एका वेळेला. कॅल्सिपोट्रिऑल आणि बीटामेथासोन एकत्र असलेलं मलम दिवसातून एकदा. टाळूची जाड खपली काढायला सॅलिसिलिक ॲसिडचं लोशन, पण दोन्ही एकाच जागी एकाच वेळी लावायची नाहीत, कारण सॅलिसिलिक ॲसिडने कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली, आठवड्याला पाव किलो तरी संपायला हवी.

पहिला अडथळा दहाव्या दिवशी आला. झोपच येईना म्हणून दिवाणजींनी जुन्या पाकिटातली हायड्रॉक्सिझिन पुन्हा घेतली. घरातली पाकिटं काढून घ्यायला हवी होती, हे पत्नींच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती दुकानदाराला परत दिली.

अंगभर उपचार कोणता, हा खरा निर्णयाचा भाग होता. मेथोट्रेक्सेट बंद केलं: फॅटी लिव्हर, मधुमेह, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे विसरण्याचा धोका. ३११ नॅनोमीटरची प्रकाशचिकित्सा चांगली, पण आठवड्यातून तीनदा यायचं तर हंगामात नोकरी राहत नाही. ॲप्रेमिलास्टने वजन उतरतं, तो फायदाच, पण नैराश्याचा इशारा त्याच्या माहितीपत्रकातच आहे. टीएनएफ रोखणारं ॲडालिमुमॅब स्वस्त पडतं, त्याची भारतीय बनावटीची आवृत्ती २०१४ पासून मिळते. पण या गटाने क्वचित मज्जातंतूंचं आवरण झिजतं, आणि तळव्यांना मुंग्या असलेल्या रुग्णात पुढे मुंग्या वाढल्या तर बी१२, मधुमेह की औषध, हा गुंता सुटणार नाही. शेवटी आयएल-१७ रोखणारं सेक्युकिनुमॅब निवडलं. आधी छातीचा एक्स-रे, क्षयासाठी इग्रा चाचणी, हिपॅटायटिस बी आणि सी. आणि जुनाट जुलाब, शौचातून रक्त किंवा आतड्याचा आजार आहे का हे तोंडी, कारण तो असेल तर हे औषध टाळतात. सगळं साफ निघाल्यावर सहाव्या आठवड्यात ३०० मिलिग्रॅमचा पहिला डोस, पुढे दर आठवड्याला एक असे आणखी चार, आणि मग महिन्याला एक.

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशीच, ते देण्याआधी, लक्षाच्या चाचण्या पुन्हा घेतल्या. टिचकीचा भाग आणि सात-सात वजा करणं दोन्ही सुधारलं होतं. शब्द आठवणं जिथल्या तिथे. कातडी तेव्हा जवळजवळ होती तशीच होती. म्हणजे सुधारणेचा पहिला हप्ता दाह कमी होण्याआधीच पदरात पडला. तो गुंगीची गोळी आणि प्रोप्रॅनोलॉल सुटल्यामुळे, असं मानायला जागा आहे.

झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र दहाव्या आठवड्यात लागलं आणि तिथे नवीनच अडचण उभी राहिली. मास्कचा पट्टा टाळूवर आणि मास्कची कड नाकाच्या हाडावर घासून तिथे नवे चट्टे उठले. सोरायसिसमध्ये जिथे घासतं किंवा खरचटतं तिथे चट्टा येतो. नाकपुडीत बसणारा लहान मास्क आणि पट्ट्याखाली मऊ सुती कापड, एवढ्याने काम झालं. त्यानंतर रात्रीचा वापर साडेचार तासांवर स्थिरावला. पुरेसा नाही, पण पूर्वी शून्य होता.

चोविसाव्या आठवड्यात

पासी १.९, म्हणजे सुमारे ८८ टक्के घट. डीएलक्यूआय ४. पीएचक्यू-९ पाचवर, नववा प्रश्न शून्य. बी१२ ५१२, एमसीव्ही ९४. वजन ८१ किलो, एचबीए१सी ७.१. अंगठ्याला कंपन अजूनही कमीच कळतं. नसा सावकाश भरून येतात आणि त्यात मधुमेहाचा वाटा किती, हे वर्षभराने कळेल.

मोकात २६ गुण. पाचपैकी चार शब्द आठवले. उलटे आकडे, आकडा-अक्षर जोडणी आणि एका अक्षरावरून शब्द, यांत अजून एकेक गुण जातो. चाचणी दुसऱ्यांदा दिली की सरावाने एखाददुसरा गुण वाढतो, पण चार गुणांची वाढ केवळ सरावाची नसावी. शब्द आठवण्यातली सुधारणा मात्र कुणाच्या खात्यावर जमा करायची, हे या प्रकरणातून ठरत नाही. बी१२, श्वास, मनःस्थिती, चालणं आणि उतरलेला दाह, सगळं एकाच काळात घडलं. सेक्युकिनुमॅबने स्मरणशक्ती परत आली, असं सांगणं मोहक आहे आणि औषध महाग असल्याने खर्चाचं समाधानही देतं, पण सहाव्या आठवड्याची नोंद त्याच्या आड येते.

दुकानातली व्यवस्था बदलली. सौदा झाल्यावर दिवाणजी आकडा मोठ्याने म्हणतात, समोरचा गुमास्ता तो पुन्हा उच्चारतो, मग पट्टीवर चढतो. जेवणानंतरच्या दोन तासांत पट्ट्या करायच्या नाहीत, त्या वेळात पोत्यांची नोंद आणि टपाल. मोका पुन्हा वर्षाने, रक्त आणि यकृत तीन महिन्यांनी. मेटफॉर्मिन चालू असेपर्यंत बी१२ वर्षातून एकदा.

राहता राहिला पावसाळा. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीत रस्ते आणि वीज दोन्ही तोडले. सेक्युकिनुमॅब २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं आणि गोठू द्यायचं नसतं, म्हणून बर्फाला थेट टेकवायचं नाही, मध्ये कापडाची घडी हवी. जुलै-ऑगस्टचे डोस नदीकाठच्या घरात न आणता मिरजेच्या औषध दुकानातल्या जनरेटरवरच्या फ्रीजमध्ये ठेवायचं ठरलं आहे. तारीख चुकलीच, तर डोस लवकरात लवकर घ्यायचा आणि पुढचा त्या तारखेपासून महिन्याने. दोन डोस एकत्र घ्यायचे नाहीत. हे सगळं लिहिलेला कागद पत्नींकडे आहे.